लेकरांच्या संग्रहालयातली उमेदवारी

पोरीचे शिक्षण बापाला पारावर सांगता येईल असे असावे लागते. डी.एड. म्हटले की मास्तरीण, नर्सिंग म्हटले की दवाखाना, बी.एस्सी. ॲग्री म्हटले की कृषी अधिकारी. कुणाला जास्त विचारावे लागत नाही. पण ‘पोरगी बालविकास आणि डिझाइन शिकतेय, आता चार-सहा महिने मुंबईला लहान मुलांच्या संग्रहालयात उमेदवारीला जाणार आहे’ असे कुणी सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला. “म्हंजी नेमकं करती काय? खेळणी मांडती?” आणि दुसरा, जरा हळू आवाजात, “अन् पगार किती?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ही वाट आता आपल्या भागातल्या मुलींच्याही नजरेच्या टप्प्यात आली आहे, म्हणून त्यांची उत्तरे द्यायला हवीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. जुन्या लोकांना ते गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून आठवेल. ‘स्वयंपाक शिकवतात ते कॉलेज’ अशी अशा महाविद्यालयांची बाहेर थट्टा होत आली, पण तिथे मानव विकास हा वेगळा विषय आहे आणि लेकराचे वाढणे, बोलणे, खेळणे याचा रीतसर अभ्यास होतो. इकडे छत्रपती संभाजीनगरात एमजीएम विद्यापीठात डिझाइनचे शिक्षण मिळते. डिझाइन म्हणजे वापरणाऱ्याच्या हाताला, डोळ्याला आणि खिशाला बेतून वस्तू घडवण्याची विद्या. आपला सुतार तिफण करताना बैलाची उंची आणि धरणाऱ्याची मूठ दोन्ही बघतो, तेच हे. या दोन वाटा जिथे एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे मुलांचे संग्रहालय.

आता संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेची सहल येते. दोघा-दोघांची रांग, पुढे बाई, मागे सर, काचेच्या पलीकडे नाणी-तलवारी आणि भिंतीवर पाटी, ‘हात लावू नये’. आपल्या शहरात छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आहे, सोनेरी महाल आहे, विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालय आहे. तिथल्या वस्तू मोलाच्या आहेत आणि त्या काचेआडच राहायला हव्यात, त्यात वाद नाही. पण पाच वर्षांच्या लेकराला काचेआडची वस्तू म्हणजे दुकानातली मिठाई. ते बघते, बोट दाखवते आणि पुढच्या क्षणी पाणी मागते.

लेकरांसाठी वेगळे संग्रहालय काढावे ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. अमेरिकेत ब्रुकलिन इथे १८९९ साली असे पहिले संग्रहालय उघडले. बोस्टनचे १९१३ मध्ये निघाले. त्याची खरी उलथापालथ १९६२ नंतर झाली, तेव्हा मायकेल स्पॉक नावाचे संचालक तिथे आले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर माहीत झालेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. स्वतःला लहानपणापासून वाचायची अडचण, त्यामुळे ‘पाटी वाचा आणि शिका’ हा मार्ग त्यांना कधीच जमला नव्हता. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू चक्क मधून कापून मांडल्या, आत काय असते ते मुलांना दिसू दिले आणि कपाटांच्या काचा काढून टाकल्या. आपल्याकडे पोरगं घड्याळ खोलून बसलं तर पाठीत धपाटा बसतो. तिथे त्याचे दालन झाले.

आपल्या देशात गुजरातेत अमरेलीला १९५५ साली गिरधरभाई बाल संग्रहालय सुरू झाले. हे मुद्दाम सांगायचे, कारण अमरेली काही मुंबई-दिल्ली नाही. कापूस-भुईमूग पिकवणाऱ्या जिल्ह्याचे गाव आहे. मुंबईत वरळीला १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात विज्ञान उद्यान झाले आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र पुरे उघडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये आपल्या आवारात, गोरखचिंचेच्या जुन्या झाडालगत, मुलांचे संग्रहालय सुरू केले. मांडणी ठरवण्याच्या कामात मुलांनाच बसवायचे, ही त्याची खासियत. लोअर परळला २०२३ च्या नोव्हेंबरात ‘म्युझियम ऑफ सोल्युशन्स’ निघाले. तिथे खेळण्याची, शोधण्याची, बनवण्याची अशी वेगवेगळी दालने आहेत आणि करवतीपासून मातीपर्यंत सगळ्याला हात लावायची मुभा.

आधी बसायचे, बघायचे

तर उमेदवार करतो काय? असे समजा की सुरुवातीचे बरेच दिवस तो काहीच करत नाही. निदान बघणाऱ्याला तसे वाटते. दालनाच्या कोपऱ्यात बसायचे, हातात दालनाचा कागदी नकाशा, मनगटावर घड्याळ. एक लेकरू आत आले की पेन्सिलीने त्याची वाट नकाशावर काढायची. कुठे थांबले, किती वेळ, कशाला हात लावला, कुणाला बोलावून दाखवले, कुठून रडत बाहेर पडले. बोलायचे नाही, मदत करायची नाही. हे न करणे फार अवघड. लेकराला डब्याचे झाकण लागत नसले की आपला हात आपोआप पुढे जातो. आणि गेला की नोंद वाया, कारण मग लेकराचे नव्हे तर आपले कसब लिहिले जाते.

अशा पन्नास-शंभर वाटा एकावर एक ठेवल्या की गोष्टी दिसू लागतात. खर्च करून केलेल्या देखण्या मांडणीपुढे मुले क्षणभर थांबतात आणि पायरीखालच्या अंधाऱ्या पोकळीत अर्धा तास बसतात. असे का, याचे उत्तर बालविकासात सापडते, आणि मग काय करायचे, हे डिझाइनमध्ये.

उंचीचेच घ्या. तीन वर्षांचे लेकरू साधारण सव्वातीन फुटांच्या आतबाहेर असते, सहा वर्षांचे पावणेचार फुटांच्या. आपण मोठी माणसे पाटी आपल्या नजरेला, म्हणजे पाच फुटांवर लावतो. लेकराला ती आढ्यासारखी वाटते. पाण्याशी खेळायचे टेबल लहान्याच्या कमरेला यावे तर ते दीड ते पावणेदोन फूटच उंच हवे. आणि मग तिथे वाकून उभ्या राहणाऱ्या आजीची कंबर मोडते, म्हणून शेजारी तिच्यासाठी पाट नाही तर बुटके स्टूल हवे. आजी बसली तर लेकरू थांबते. हे नकाशावरच्या वाटा सांगतात.

किंवा पाणीच घ्या. जीन पियाजे या स्विस अभ्यासकाने दाखवलेली गोष्ट घरी कुणालाही करून बघता येते. पसरट वाटीतले पाणी लेकरासमोर उंच, निमुळत्या पेल्यात ओता. चार-पाच वर्षांचे लेकरू छातीठोकपणे सांगेल, पाणी वाढले. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास ते म्हणू लागते, तेवढेच तर आहे! समजावून सांगून हे लवकर होत नाही. पुन्हा पुन्हा ओतून, सांडून, मोजून होते. (धाकट्याला उंच पेल्यात दूध देऊन गप्प करणाऱ्या आईने पियाजे वाचलेला नसतो, पण तिला हे पक्के ठाऊक असते.) म्हणून मुलांच्या संग्रहालयात पाण्याचे टेबल असले की त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या आकाराची भांडी ठेवतात. बघणाऱ्याला वाटते, पोरं पाणी नासतायत.

पुढचे काम पुठ्ठ्याचे. मनात आलेली मांडणी थेट सुताराकडे न्यायची नाही. आधी खोक्याचा पुठ्ठा, चिकटपट्टी, सुतळी, जुनी चाके घेऊन ओबडधोबड नमुना करायचा आणि मुलांपुढे ठेवायचा. मुले तो तासाभरात मोडतात. कुठे मोडला, कसा मोडला, ते लिहून घ्यायचे आणि दुसरा करायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी लाकडाला हात लावायचा. पैसा वाचतो आणि फजिती पुठ्ठ्यावरच संपते.

सुरक्षेचेही शास्त्र आहे. सव्वा इंच रुंदीची एक छोटी नळी असते; तिच्यात जी वस्तू पुरी मावते ती तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती द्यायची नाही, कारण ती घशातही मावते. चिंचोके, सागरगोटे, हरभरे, शेंगदाणे, आपल्या घरातली निम्मी खेळणी या नळीत नापास होतील. भुईमुगाचा दाणा श्वासनलिकेत अडकलेले लेकरू दवाखान्यांना नवे नाही. देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. बाजारातल्या रंगीत प्लास्टिकपुढे आपले सुतार-कुंभार टिकायचे असतील, तर रंग कोणता लावावा, कड किती घासावी, हे त्यांच्यापर्यंत पोचवणारे कुणीतरी लागेल. ही शिकलेली पोरगी ते करू शकते.

आणि एका बाबतीत गावाकडची उमेदवार शहरातल्यापेक्षा सरस ठरते. शहरातल्या मांडणीत ‘शेत’ हवेच असते. बहुधा ते असे दिसते: लाल ट्रॅक्टर, पांढरी-काळी गाय, एकाच उंचीची हिरवी रोपे आणि हसरा शेतकरी. त्यात धसकट नसते, कडब्याची गंज नसते, विहिरीवरची मोटार आणि रात्रीची लाइट तर नसतेच नसते. ज्वारीचे कणीस आणि बाजरीचे कणीस वेगळे असते, हे तिथे ठामपणे सांगू शकणारी बहुधा हीच एकटी. वाळल्या धाटाची साल काढून, आतल्या भेंडाला ती टोचून बैलगाडी कशी करायची, चष्मा कसा करायचा, हे तिच्या हाताला माहीत असते. ‘माळवं’ म्हणजे भाजीपाला हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. मराठी पाटीवर पुस्तकातला शब्द लिहायचा की लेकराच्या तोंडातला, यावर तिने तिथे भांडावे असे आम्हाला वाटते.

कोसबाडची उमेदवार

या विद्येचे माहेर परदेशातच आहे असे समजायचे कारण नाही. महाराष्ट्रात ती सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, संग्रहालय हे नाव न घेता, उभी राहिली. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करण्यात त्या पुढे होत्या, आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी तिथे अनुताई वाघ दाखल झाल्या. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. बोर्डीला आल्या तेव्हा वय पस्तीस. आजच्या भाषेत हे इंटर्नचे वय नव्हे! पण त्यांनी ताराबाईंच्या हाताखाली जी उमेदवारी केली ती नाव घेण्यासारखी.

मॉन्टेसोरींची साधने महागडी, घोटीव लाकडाची. ती आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? ताराबाई-अनुताईंनी ती उचलून आणली नाहीत. त्यांच्यामागचे तत्त्व घेतले आणि साधने भोवतालातून काढली. शिंपले, बिया, खडे, पाने, पिसे. मोजायला, लावायला, लहान-मोठे ओळखायला हेच. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरताहेत तिथेच शाळा. लेकरू कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याला वेळ कधी आहे, हे आधी बघायचे आणि मग मांडायचे. मुंबईच्या दालनात नकाशावर पेन्सिल फिरवणारी मुलगी हेच करत असते. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पुढे गावोगावच्या तिच्या केंद्रांवर जी पाटी लागली, ती अंगणवाडीचीच.

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. आयआयटीत शिकलेले, पुण्याच्या ट्रक कारखान्यातले इंजिनियर. १९७८ साली नोकरीतून रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलची वॉल्व्हट्यूब हाती लागली. तिचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवल्या. पुढे पुण्यात आयुकामध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झालेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांकडून करून घेतली. इंजिनियरने आठवडी बाजारात केलेली ही उमेदवारीच होती.

पगाराचे काय?

इथे गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. अशा उमेदवारीत पुष्कळदा विद्यावेतन मिळत नाही, किंवा मिळते ते प्रवासात संपते. मुंबईत डोके टेकायला जागा, लोकलचा पास, दोन वेळचे जेवण हे ज्याच्या घरचे पेलू शकतात त्याचीच पोरगी जाते. मग शेताची मांडणी शेत न पाहिलेला करतो, यात नवल नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार रुपये ठरवले होते. लेकरांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी निदान तेवढे तरी द्यावे, आणि बाहेरगावच्या मुलींची राहायची सोय करावी. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आणले आहेत. पण कागदावर श्रेयांक आणि खिशात भाडे नाही, अशी गत असेल तर ती सोय शहरापुरतीच राहील.

घरच्यांची काळजी वेगळी. शिकून येऊन ही करणार काय? नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरे. संग्रहालये, खेळणी बनवणारे, पुस्तके काढणारे, बालशिक्षणातल्या संस्था, एवढेच दिसते. पण गरज मोठी आहे आणि ती आपल्या दारात आहे. एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रे यांचा संच. पेटी देशभर एकच असली, तरी कन्नडच्या डोंगरातल्या आणि गंगापूरच्या उसातल्या अंगणवाडीत तिच्यात भर स्थानिकच घालावी लागणार.

संग्रहालय चाकांवर घालून गावात नेता येते, हेही नवे नाही. नेहरू विज्ञान केंद्राच्या फिरत्या प्रदर्शनाच्या बस खेड्यांतल्या शाळांपर्यंत जात आल्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये आपली बस काढली. बोस्टनवाल्यांनी तर १९६० च्या दशकातच संग्रहालय पेट्यांत भरून शाळांना वापरायला दिले होते.

ही पेटीची कल्पना आम्हाला फार दिवस खुणावते आहे ती ऊसतोडीच्या लेकरांसाठी. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या गावांतून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्याबरोबर, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून, लहानी लेकरं. पाडव्याच्या सुमारास परत. तेवढे महिने कोपी हेच घर आणि आठ वर्षांची थोरली हीच धाकट्याची आई. आपल्याच शहरातल्या ‘जनार्थ’ संस्थेने २००० नंतरच्या दशकात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या, त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. तीन-चार वर्षांच्या लेकराचे काय? त्याच्या हाती देता येईल अशी पेटी कशी असावी? गाडीत धान्याच्या पोत्याशेजारी मावणारी. धुळीने न बिघडणारी. विजेशिवाय चालणारी. आठ वर्षांच्या बहिणीला न वाचता उघडता येईल अशी. सव्वा इंचाच्या नळीत काहीही न मावणारी. हरवलेला तुकडा पाचटातून, चिपाडातून पुन्हा बनवता येईल अशी. यातली एकेक अट म्हणजे डिझाइनच्या विद्यार्थ्याला सहा महिने पुरेल एवढा अभ्यास आहे, आणि तो लोअर परळच्या वातानुकूलित दालनात बसून पुरा होणार नाही. तिथे बघायला शिकावे, पुठ्ठ्याचे नमुने करायला शिकावे, आणि पहिला नमुना फडावर आणून मोडू द्यावा.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी अर्ज करण्यापूर्वी एक तयारी गावातच करावी. अंगणवाडीच्या ताईंची परवानगी घेऊन आठ दिवस, रोज एक तास, कोपऱ्यात वही घेऊन बसावे. मुलांची नावे लिहू नयेत, फोटो काढू नयेत. ‘हुशार’, ‘मठ्ठ’, ‘दंगेखोर’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. वेळ, वय आणि हाताने काय केले एवढेच लिहावे: ‘सव्वाअकरा. पावणेचार वर्षांची मुलगी. डब्याचे झाकण उलटे लावते, तीनदा. चौथ्यांदा डबाच उलटा केला.’ अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की ती वही गुणपत्रिकेसोबत अर्जाला जोडावी.